पत्ता हरवलेली चित्रं



शाळेत गेल्यावर तुम्ही सगळ्यांत आधी काय वाचलंत? "अ वाचला," असं तुम्ही म्हणाल. पण खरं सांगू? तुम्ही 'अ' वाचलाच नव्हता. तुम्ही वाचलं होतंत ते त्याच्या शेजारचं अननसाचं चित्र! गेली बारा वर्षं मी पहिली ते चौथीच्या मुलांना शिकवते आहे. दर जूनमध्ये पहिलीच्या वर्गात हीच गंमत पाहते. पुस्तक उलटं धरलेलं असतं, अक्षराची ओळखही झालेली नसते, तरी चित्रावर बोट ठेवून मुलं ठसक्यात सांगतात, "बाई, अननस!" अक्षर नंतर येतं, चित्र आधी येतं.

हे फक्त लहान मुलांचंच असतं असं नाही हं. मोठी माणसंही चित्र पाहूनच वस्तू ओळखतात. पूर्वी ग्रामोफोनच्या तबकड्या असत. एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचं गाणं. मग पाच-सहा तबकड्या एकत्र करून फोटोंच्या वहीसारख्या जाड पुठ्ठ्याच्या वहीत ठेवत. म्हणून त्या संचाला 'अल्बम' हे नाव पडलं. या वह्या दिसायला अगदी साध्या, करड्या-तपकिरी रंगाच्या. १९४० च्या सुमारास अमेरिकेत कोलंबिया कंपनीत अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस नावाचा तरुण चित्रकार काम करत होता. त्यानं म्हटलं, गाणं एवढं सुंदर आणि त्याचं वेष्टन असं का? त्यानं वेष्टनावर चित्रं काढायला सुरुवात केली. तेव्हापासून गाण्याला चेहरा मिळाला. पुढं कॅसेट आली, सीडी आली, तरी तो चेहरा टिकला. आज टीव्हीच्या पडद्यावर गाण्यांचे, चित्रपटांचे जे चौकोन दिसतात ना, ती त्याचीच पतवंडं!

आता तुम्हांला एका अशा घराची गोष्ट सांगते, जिथं हे सगळे चेहरे एका दिवसात नाहीसे झाले. ते घर आमचंच.

आमच्या सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. मुलं त्यांना आजी म्हणतात, म्हणून मीही आजीच म्हणते. आजी शाळेत कधी गेल्या नाहीत. घड्याळ कळतं, नोटा कळतात, एसटीचा रंग कळतो, पण अक्षर कळत नाही. सासऱ्यांना मात्र टेपरेकॉर्डरचं भारी वेड होतं. घरात लग्न निघालं, देवळात भजन बसलं, पहाटे जात्यावर कुणी ओवी म्हणू लागलं, की हे टेप घेऊन हजर! अशा एक्केचाळीस कॅसेटी त्यांनी भरून ठेवल्या होत्या. दुकानातून आणलेल्या कॅसेटींना छापील कागद असतो. या घरच्या कॅसेटींना कसला कागद? वर नुसता आकडा. एक, दोन, तीन... एक्केचाळीस.

काही वर्षांपूर्वी या कॅसेटी आम्ही संगणकावर घेतल्या. तासाभराच्या एका कॅसेटची फाईल झाली साधारण ५८ एमबीची. (गणित आवडणाऱ्यांनी करून पाहावं : सेकंदाला १६ केबी, तर ३६०० सेकंदांना किती?) एक्केचाळीस कॅसेटी मिळून अडीच जीबीसुद्धा भरल्या नाहीत. ज्या कॅसेटींना एक अख्खी पेटी लागत होती, त्या आता नखाएवढ्या कार्डावरही मावतात. आहे की नाही मजा?

पण आजींनी त्या ऐकायच्या कशा? पडद्यावर 'कॅसेट १७' असं लिहिलेलं त्यांना काय उपयोगाचं? तेव्हा मी माझ्या चौथीच्या वर्गाची मदत घेतली. कार्यानुभवाच्या तासाला रोज एक कॅसेट लावायची. मुलांनी ऐकायचं आणि जे डोळ्यांसमोर येईल त्याचं चित्र काढायचं. एकानं जातं काढलं. एकीनं विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या बायका काढल्या. एकानं तर भजनाच्या कॅसेटला चक्क झोपलेलं कुत्रं काढलं. कारण त्या टेपमध्ये मृदंगाच्या मागं एक कुत्रं भुंकत होतं आणि मग एकदम गप्प झालं होतं! प्रत्येक कॅसेटला एक, अशी एक्केचाळीस चित्रं निवडली, स्कॅनरवर घेतली, आणि मूळ कागद ज्याचे त्याला घरी न्यायला दिले.

घरचा जुना संगणक आम्ही टीव्हीला जोडला. गाणी आणि चित्रपट नीट मांडून दाखवणारा एक प्रोग्रॅम त्यात घातला. असे प्रोग्रॅम बरेच आहेत. कोडी आहे, जेलीफिन आहे, प्लेक्स आहे. त्यांतले कोडी आणि जेलीफिन तर फुकट मिळतात. सगळ्यांचं काम साधारण एकाच पद्धतीनं चालतं. मग काय विचारता! आजी रिमोट हातात घेत, बाणानं चित्रांवरून पुढं पुढं जात, जात्याचं चित्र आलं की थांबत आणि मधलं बटण दाबत. कुणाला हाक मारायला नको, कुणाची वाट पाहायला नको. त्या आपल्या आपण 'वाचत' होत्या.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जुनी हार्डडिस्क टक्-टक् आवाज करू लागली. हार्डडिस्कच्या पोटात एक चकचकीत तबकडी गरगर फिरत असते. मिनिटाला ५४०० फेऱ्या, म्हणजे सेकंदाला ९०! ती इतकी वर्षं फिरल्यावर थकणारच. टक्-टक् ऐकू आलं की समजावं, आजोबा आता निवृत्तीचा अर्ज देत आहेत. आम्ही लगेच नवी डिस्क आणली आणि सगळ्या फायली तिच्यात उतरवून घेतल्या. एकही फाईल मागं राहिली नाही. जुनी डिस्क काढून ठेवली. सातवीतल्या आमच्या चिरंजीवांनी प्रोग्रॅमला गाण्यांची नवी जागा दाखवली, आणि टीव्ही लावला.

पडद्यावर सगळीकडं करडे चौकोन! चित्र एकही नाही. प्रत्येक चौकोनाखाली नाव तेवढं : कॅसेट १, कॅसेट २, कॅसेट ३...

आजींनी रिमोट घेतला, दोन-चार बाण दाबले आणि तो शांतपणे खाली ठेवला. "सगळं सारखंच दिसतंय गं," एवढंच म्हणाल्या.

थोड्या वेळानं एक गंमत झाली. दुकानातून आणलेल्या चित्रपटांची चित्रं एकेक करून परत येऊ लागली. प्रोग्रॅम इंटरनेटवर जाऊन नाव शोधतो आणि त्या नावाचं पोस्टर उतरवून घेतो. ज्यांचे चेहरे जगाला ठाऊक होते, ते घरी आले. पण आमच्या आजीच्या सासूबाईंची ओवी इंटरनेटला कुठून ठाऊक असणार? तिथं करडा चौकोन तो करडाच.

एका ठिकाणी तर भलतंच चित्र येऊन बसलं. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुलांनी 'श्यामची आई' वर छोटं नाटक बसवलं होतं. त्याचं चित्रण 'श्यामची आई' अशाच नावाच्या फोल्डरमध्ये होतं. प्रोग्रॅमनं नाव वाचलं आणि आचार्य अत्र्यांच्या १९५३ च्या चित्रपटाचं पोस्टर आणून लावलं! ज्या चित्रपटाला १९५४ साली पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णपदक मिळालं, त्याच्या पोस्टरमागं आमची शाळा, पताका आणि पाठांतर विसरलेला श्याम! नाटकातला 'श्याम' हे पाहायला आला होता. तो म्हणाला, "बाई, राहू द्या की असंच!"

आता तुम्ही विचाराल, फायली तर सगळ्या आल्या होत्या, मग चित्रं गेली कुठं?

हे समजायला आपण शाळेच्या ग्रंथालयात जाऊ या. तुम्ही बाईंना म्हणता, "मला पक्ष्यांचं पुस्तक हवंय." बाई वही उघडतात. वहीत लिहिलेलं असतं : 'पक्ष्यांचं पुस्तक, कपाट तिसरं, कप्पा दुसरा.' बाई तिथं जातात आणि पुस्तक काढून देतात. समजा, उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेला रंग दिला आणि कपाटं हलवली. तिसरं कपाट आता पाचवं झालं. पुस्तक जागेवर आहे, फाटलेलं नाही, हरवलेलं नाही. पण वहीत अजून 'तिसरं कपाट' च आहे! बाई तिसऱ्या कपाटाशी जातात, तिथं खडूंचे खोके असतात. बाई म्हणतात, "पुस्तक नाही."

टीव्हीवरचा प्रोग्रॅम हा अगदी त्या वहीसारखा असतो. गाणी आणि चित्रं डिस्कवर असतात. प्रोग्रॅमजवळ असतात ते त्यांचे पत्ते. विंडोजच्या संगणकात या पत्त्याची सुरुवात एका अक्षरानं होते. पहिली दोन अक्षरं, ए आणि बी, फ्लॉपीसाठी राखून ठेवलेली. तुमच्या आईबाबांना विचारा फ्लॉपी म्हणजे काय ते! मोठ्या फ्लॉपीला मागं सारून आलेल्या साडेतीन इंची फ्लॉपीतही फक्त १.४४ एमबी मावायचं. वर सांगितलेल्या आमच्या एका कॅसेटला अशा चाळीस फ्लॉप्या लागल्या असत्या, आणि त्याही पुरल्या नसत्या. हार्डडिस्कला मिळालं 'सी'. फ्लॉपी गेली, तरी हार्डडिस्क अजून 'सी' पासूनच सुरू होते. पहिल्या बाकावरची मुलं शाळा सोडून गेली, तरी तिसऱ्या बाकावरच्यांनी पुढं सरकू नये, तसं!

त्यानंतर तुम्ही जी डिस्क जोडाल, तिला संगणक पुढचं मोकळं अक्षर देतो. आमची जुनी डिस्क होती 'ई'. नवी जोडली तेव्हा 'ई' वर जुनी बसलेली होती, 'एफ' वर पेनड्राइव्ह होता. म्हणून नवीला मिळालं 'जी'. जुनी काढली, तरी नवी 'जी' च राहिली. झालं! प्रोग्रॅमच्या वहीत सगळ्या चित्रांचे पत्ते 'ई' नं सुरू होणारे, आणि चित्रं राहायला गेलेली 'जी' मध्ये. प्रोग्रॅम 'ई' कडं गेला, तिथं काहीच नव्हतं.

अशा वेळी सगळ्यांत सोपा उपाय कोणता? ज्या डिस्कचं अक्षर बदललंय, तिला जुनंच अक्षर परत द्यायचं. विंडोजमध्ये 'डिस्क मॅनेजमेंट' नावाची खिडकी असते. तिथं डिस्कच्या नावावर उजवं बटण दाबलं की 'चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स' असा पर्याय येतो. 'ई' मोकळं असेल तर ते निवडायचं. वहीतले हजारो पत्ते सुधारण्यापेक्षा घरालाच जुना क्रमांक दिलेला बरा, नाही का? मात्र एक लक्षात ठेवा. त्याच यादीत 'फॉरमॅट' असाही पर्याय असतो. तो दाबला तर डिस्क कोरी होते. तेव्हा हे काम मोठ्या माणसाला शेजारी बसवूनच करायचं. आणि 'सी' ला तर हातच लावायचा नाही.

ज्यांच्या संगणकात लिनक्स आहे, त्यांच्याकडं अशी अक्षरं नसतात. तिथं प्रत्येक डिस्कवरच्या भागाला स्वतःचा एक लांबलचक क्रमांक असतो. त्या क्रमांकावरून जागा ठरवून दिली, की तो भाग कुठल्याही खाचेत जोडला तरी पत्ता तोच राहतो.

आम्हीही नव्या डिस्कला 'ई' दिलं. पण आमच्या बाबतीत तेवढ्यानं भागलं नाही. कारण मधल्या वेळात प्रोग्रॅमला जुनी जागा रिकामी दिसली होती, आणि रिकाम्या जागेच्या नोंदी त्यानं नेमून दिल्याप्रमाणं पुसून टाकल्या होत्या. काही प्रोग्रॅममध्ये ही सफाई आपोआप चालू असते. म्हणून डिस्क बदलायच्या आधी ती बंद करून ठेवायची, हे तुम्ही पक्कं ध्यानात धरा. वहीतला पत्ता चुकला तर सुधारता येतो. पानच फाटलं तर काय सुधारणार?

म्हणजे आता परिस्थिती अशी होती : एक्केचाळीस कॅसेटी होत्या. एक्केचाळीस चित्रंही सापडली. स्कॅनर ज्या फोल्डरमध्ये चित्रं ठेवतो, त्यातच ती सुखरूप होती. पण त्यांची नावं? 'स्कॅन १', 'स्कॅन २' अशी, ज्या क्रमानं कागद यंत्रात घातले गेले त्या क्रमानं. कुठलं चित्र कुठल्या कॅसेटचं, हे सांगणारी जी एकच वही होती, तिचं पान कोरं झालं होतं.

मी म्हटलं, ऐकून ठरवू. जातं आहे तिथं ओवी असेल, टाळ आहेत तिथं भजन असेल. पण विहिरीची चित्रं निघाली सात! ओव्यांच्या कॅसेटी अकरा! मुलगा म्हणाला, "आई, हे नाही जमायचं. ज्यांनी चित्रं काढली ते दादा-ताई तर आता कॉलेजात गेलेत."

तेवढ्यात मागून आजींचा आवाज आला, "आरं, मला दाव की."

आम्ही तिघंही जरा थबकलोच. मग मुलानं संगणक त्यांच्यासमोर ठेवला आणि पहिलं चित्र उघडलं. विहीर, चार बायका, एकीचं लुगडं हिरवं. आजींनी चष्मा पुसला, चित्राकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "ही माझ्या आत्याबाईची. धाकल्या नणंदंच्या लग्नातली हळदीची गाणी हायती. मधी बांगड्या फुटल्याचा आवाज हाय बघ." आत्याबाई म्हणजे त्यांच्या सासूबाई, बरं का.

आम्ही हळदीच्या गाण्यांची कॅसेट शोधून लावली. कॅसेट २३. आणि दहाव्या मिनिटाला खरोखरच खळ्ळ असा आवाज आला, मागून बायकांचं हसू! मुलगा तर उडालाच.

दुसरी विहीर. "ही न्हवं लग्नाची. ह्यात पान्याचा आवाज येतो. पाऊस हुता त्या दिशी." कॅसेट ९. तिसरं चित्र झोपलेल्या कुत्र्याचं. आजी हसल्या. "ह्यो आपला मोत्या! एकादशीचं भजन."

असे दोन दिवस, रोज संध्याकाळी आम्ही बसलो. आजी चित्र पाहून सांगायच्या, मुलगा फाईल शोधायचा, तिसरीतली मुलगी वहीत लिहायची आणि मी अडलेले शब्द सांगायचे. एक्केचाळिसांपैकी एकोणचाळीस चित्रं आजींनी ओळखली. दोन राहिली. ती दोनच राहिल्यामुळं ऐकून ठरवता आली.

मुलांनो, त्या दिवशी आमच्या घरात डीएड झालेली बाई होती, संगणकावर सफाईनं बोटं चालवणारा मुलगा होता, इंटरनेट होतं. पण ते पान वाचता येत होतं फक्त त्यांना, ज्यांना आपण निरक्षर म्हणतो. आजी त्या वेळी तिथं नसत्या, तर चित्रं राहिली असती, गाणीही राहिली असती, पण दोघांची ओळख कायमची तुटली असती. मोत्या कुठल्या भजनात झोपला, हे जगातल्या कुठल्याही यंत्राला सांगता आलं नसतं.

हे काम मोठ्या प्रमाणावर करणारी माणसंही आपल्याकडं आहेत. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगावच्या बायकांकडून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' या संस्थेनं त्या सगळ्यांना वाचण्या-ऐकण्यासाठी खुल्या करायला सुरुवात केली. तिथं नुसती ओवी नाही. ती कुणी म्हटली, ती बाई कुठल्या गावची, हेही नोंदलेलं असतं. म्हणूनच ती ओवी त्या बाईची राहते.

आता आमच्या घरी आम्ही काय केलं, ते सांगते. तुम्हांलाही उपयोगी पडेल.

पहिलं म्हणजे चित्राला गाण्याच्या शेजारी आणून बसवलं. प्रत्येक कॅसेटचा वेगळा फोल्डर केला, त्यात गाणं आणि त्याच फोल्डरमध्ये तिचं चित्र 'फोल्डर.जेपीजी' या नावानं ठेवलं. (हे नाव मात्र इंग्रजी अक्षरांत लिहायचं.) बहुतेक प्रोग्रॅम फोल्डर उघडला की या नावाचं चित्र आपण होऊन शोधतात. आता डिस्कचं अक्षर बदलो, नाहीतर संगणक बदलो, गाणं जिथं जाईल तिथं चित्र त्याच्याबरोबर जाईल. लहान भावाचा हात धरून जत्रेत गेलं की तो हरवत नाही, तसंच हे.

दुसरं, चित्र गाण्याच्या पोटातही घातलं. हो, पोटात! एमपी३ फाईलमध्ये गाण्याबरोबर थोडी माहितीही ठेवता येते. १९९६ मध्ये ही सोय निघाली, तेव्हा जागा होती जेमतेम १२८ बाइट. खुणेची ३ अक्षरं, गाण्याचं नाव ३०, गायक ३०, अल्बम ३०, वर्ष ४, शेरा ३० आणि गाण्याचा प्रकार १. करा बेरीज! त्यात चित्र कुठून मावणार? १९९८ मध्ये त्याची नवी पद्धत आली. तिच्यात जागा भरपूर, चित्रसुद्धा मावतं. आम्ही 'गायक' या जागी आत्याबाईंचं नाव लिहिलं. त्यांचं नाव कशावर तरी लिहिलं जाण्याची ही बहुधा पहिलीच वेळ.

तिसरं, घरच्या चित्रणाचा विभाग वेगळा केला. त्या विभागाला इंटरनेटवर जाऊन नाव शोधायला मनाई! आता आमच्या नाटकाला आमच्याच 'श्याम' चा फोटो आहे. चित्रपटांच्या फोल्डरला मात्र नावापुढं कंसात इंग्रजी आकड्यांनी वर्ष लिहिलं. 'श्यामची आई' नावाचा दुसरा चित्रपट २०२३ मध्ये आला आहे. वर्ष लिहिलं नाही तर बिचाऱ्या प्रोग्रॅमनं ओळखायचं तरी कसं?

चौथं, सगळ्याच्या दोन आणखी प्रती केल्या. एक आमच्या कपाटात आणि एक कराडला नणंदेकडं. दोन्ही एकाच घरात ठेवल्या आणि छप्पर गळलं, तर दोन्ही एकदमच भिजायच्या.

पालकांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. मुलं यंत्र चालवण्यात आपल्यापेक्षा हुशार असतात. त्यांना डिस्क बदलता येते, अक्षर देता येतं. पण फोटोत डाव्या बाजूला उभे असलेले काका कोण, टेपमध्ये रडणारं बाळ कोणाचं, हे त्यांना ठाऊक नसतं. ते घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ठाऊक असतं, आणि बहुतेक घरांत ते कुणी विचारत नाही. दोघांना एकदा शेजारी बसवून द्या. तुम्ही चहा करा. बाकीचं ती दोघं पाहून घेतील.

आणि मुलांनो, तुमच्यासाठी हा उद्योग. एक दोनशेपानी वही घ्या. चार रकाने आखा. पहिल्यात चित्राचा किंवा फोटोचा क्रमांक, दुसऱ्यात तो कशाचा आहे, तिसऱ्यात त्यात कोण कोण आहे, आणि चौथ्यात ही माहिती तुम्हांला कुणी सांगितली. मग आजी-आजोबांकडं जा. एका दिवशी दहाच चित्रं घ्या. जास्त घेतली तर ते दमतात आणि आपणही घाई करतो. त्यांनी जसं सांगितलं तसंच लिहा. 'हायती' म्हणाले तर 'हायती' लिहा, त्यांना शुद्ध करायला जाऊ नका.

लिहिताना पेन्सिल नको, शाई वापरा. आणि पानाच्या वर त्या दिवसाची तारीख घाला.